मधमाश्यांचे वर्ष : नाशिक जिल्ह्यातील ऋतुमानाप्रमाणे मधपेटीची निगा

शाळेच्या परसात ठेविलेली मधपेटी पहिल्या पावसाळ्यानंतर रिकामी आढळते, ही तक्रार नवी नाही. माघ-फाल्गुनात पेटी आणावी, दोन-तीन महिने माश्यांची ये-जा पाहून मुलांनी हरखून जावे, उन्हाळी सुटीत तिच्याकडे कोणी फिरकू नये, आणि पावसाळ्यात केव्हातरी झाकण काढून पाहावे तो आत काळवंडलेली पोळी, त्यांवर मेणकिड्याची जाळी आणि माशी औषधालाही नाही, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी घडतो. मग “आमच्याकडची हवा माश्यांना मानवत नाही” असा निष्कर्ष काढून पेटी अडगळीत टाकिली जाते. वास्तविक हवा मानवत नसती, तर त्याच गावच्या ओढ्याकाठी उंबराच्या ढोलीत त्याच जातीचे मोहोळ वर्षानुवर्षे नांदले नसते. दोष हवेचा नसून कालगणनेचा असतो. मधमाशीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष ही एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या दिवसांत पेटीला माणसाची गरज नसते, त्या दिवसांत तिच्याभोवती गर्दी असते, आणि ज्या दिवसांत खरी गरज असते, त्या दिवसांत शाळेला कुलूप असते. हे वर्ष नीट समजून घेतले, तर पेटी टिकविणे कठीण नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यापुरते ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम माशी कोणती, हे ठरविले पाहिजे. आपल्याकडे मध साठविणाऱ्या माश्या मुख्यतः तीन. कड्याकपारीला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला एकच भले मोठे पोळे लावणारी ती आग्या माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. या दोन्ही उघड्यावर एकच पोळे बांधतात, अंधारात राहात नाहीत, व म्हणून पेटीत नांदत नाहीत. तिसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. अंधार व पोकळी हेच तिचे घर असल्याने लाकडी पेटी तिला परकी वाटत नाही. याखेरीज युरोपातून आलेली मेलिफेरा माशी आहे. ती आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात पंजाब व हिमाचलच्या बाजूस स्थिरावली व पुढे इतरत्र पसरली. तिचे मध-उत्पन्न अधिक खरे. परंतु तिला फुलोऱ्यामागे गावोगाव हलवावे लागते, भरपूर खाद्य लागते, आणि तो धंदा पूर्ण वेळ करणाऱ्याचा आहे. शाळेने व लहान शेतकऱ्याने सातेरीच ठेवावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दोन्ही जाती एकाच आवारात तर मुळीच ठेवू नयेत. एक दुसरीचा मध लुटते आणि भांडणात दोन्ही वसाहतींची हानी होते.

पेटीचा इतिहास थोडक्यात असा. पोळ्या-पोळ्यांत माश्यांना ये-जा करण्यापुरते ठरावीक अंतर ठेविले, तर त्या ते अंतर मेणाने बुजवीत नाहीत, ही गोष्ट अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली हेरिली, आणि त्यामुळे पोळे न मोडता चौकट उचलून पाहता येईल अशी पेटी शक्य झाली. आपल्या लहान माशीला साजेशी लहान पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेत तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी प्रचारात आणिली. महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया महाबळेश्वर येथे १९४६ साली घातला गेला. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करीत आहे. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे “मधाचे गाव” म्हणून जाहीर झाले. सह्याद्रीच्या त्याच रांगेत आपले इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे तालुके येतात, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

सहा आठवड्यांचा हिशेब

वर्षाचे गणित समजण्यासाठी वसाहतीची एकच गोष्ट पक्की माहीत असली पाहिजे. पेटीत एक राणी, हंगामात काही शे नर आणि बाकी सर्व कामकरी माश्या असतात. सातेरीच्या भरलेल्या पेटीत त्यांची संख्या दहा-पंधरा हजारांपर्यंत जाते. अंडी घालणे हे राणीचे काम; बाकी सर्व कामे कामकरी माश्यांची. राणीने घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर पडलेली माशी लगेच फुलांवर जात नाही. घरे साफ करणे, अळ्यांना भरविणे, मेण काढून पोळे बांधणे, दाराशी पहारा देणे ही कामे तिला आधी करावी लागतात व त्यांत आणखी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आज जांभळीच्या फुलावर बसलेली माशी ही सुमारे सहा आठवड्यांपूर्वीचे अंडे होय.

यावरून असे निघते की, फुलोरा आल्यावर माश्यांची संख्या वाढवू म्हटले तर ती वाढत नाही. फुलोऱ्याच्या दीड महिना आधी राणी जोराने अंडी घालीत असली पाहिजे. राणी अंडी केव्हा घालते? बाहेरून पराग व मधुरस येऊ लागला म्हणजे. पराग हा अळ्यांचा आहार. तो आला नाही, तर मध कितीही असला तरी पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या व कोश यांचा एकत्र समूह, वाढत नाही. मधपाळाची बहुतेक सर्व कामे या एका हिशेबातून निघतात, आणि पाचवी-सहावीच्या मुलांना दिनदर्शिकेवर उलटे दिवस मोजण्याचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

भाद्रपद ते मार्गशीर्ष

माशीचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही. ते पावसाचा जोर ओसरला म्हणजे, भाद्रपदात सुरू होते. आपल्या पश्चिम पट्ट्यात या सुमारास माळावर सोनकी व तेरडा फुलतो, आणि आश्विनात पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर खुरासणीची शेते पिवळी होतात. खुरासणीचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो व तो आणणारी मुख्यतः मधमाशीच. म्हणजे ज्या आदिवासी शेतकऱ्याच्या घरी तेल खुरासणीचे असते, त्याच्या घाण्याचा व मधमाशीचा संबंध थेट आहे. माश्या कमी झालेल्या वर्षी शेत फुलते तसेच फुलते, पण बोंडे पोचट राहतात, आणि दोष बियाण्याला किंवा पावसाला दिला जातो.

या दिवसांत पेटीची पहिली पूर्ण तपासणी करावी. पावसाळ्यात जुनी व काळी झालेली पोळी काढून टाकावीत. राणी अंडी घालते की नाही ते पाहावे. तळाशी उभे असलेले, भाताच्या बारीक कणीसारखे अंडे दिसले, म्हणजे राणी प्रत्यक्ष न दिसली तरी ती आहे असे समजावे. अंडी नाहीत, पिलावा नाही आणि माश्या चिडखोर झाल्या आहेत, असे आढळल्यास ती पेटी राणीविना आहे. तिला दुसऱ्या वसाहतीशी जोडणे हाच उपाय. पाऊस उघडल्यावर गांधीलमाशीचा उपद्रव वाढतो. ती पेटीच्या दाराशी टपून एकेक माशी उचलून नेते. दार अरुंद करावे व आसपासचे गांधीलमाश्यांचे घर शोधून जाणत्या माणसाकडून काढवून घ्यावे. वेडा राघू आणि कोतवाल हे पक्षीही माश्या खातात. पण त्यांच्यामागे गलोल घेऊन मुले धावतील असे काही सांगू नये. भरलेल्या वसाहतीला त्यांचा तोटा जाणवत नाही, आणि ते शेतातील किडेही खातात.

कारवीचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. डोंगरउतारावर गच्च वाढणारी ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात, आणि एका डोंगराचे वर्ष दुसऱ्या डोंगराच्या वर्षाशी जुळेलच असे नाही. ज्या वर्षी कारवी फुलते, त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मध भरपूर मिळतो. गावातील वृद्धांना आपल्या डोंगराचे मागील वर्ष आठवत असते. ते विचारून शाळेच्या दप्तरी लिहून ठेवावे. पुढचा फुलोरा केव्हा, हे मुलांना स्वतः काढता येईल.

कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडते. निफाडकडे काही वर्षी पारा पाच अंशांच्या खालीही उतरतो. थंडीत माश्या पोळ्यावर गोळा होऊन बसतात, आणि पिलाव्याभोवतीची उष्णता चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास राखण्यासाठी साठविलेला मध जाळतात. त्यामुळे थंडीत मध कमी होणे हे रोगाचे लक्षण नव्हे. सकाळचे ऊन लवकर अंगावर येईल अशा रीतीने पेटीचे तोंड पूर्वेकडे ठेवावे, वाऱ्याच्या बाजूस आडोसा करावा, आणि रिकाम्या चौकटी काढून घेऊन घर माश्यांच्या मानाने लहान करावे. थंडीच्या सकाळी पेटी उघडून मुलांना दाखविण्याचा मोह टाळावा. दुपारी अकरा ते तीन ही वेळ योग्य.

डोंगळ्यांचे दिवस

पौषापासून फाल्गुनापर्यंत पूर्वेकडील व मध्य भागातील तालुक्यांत, म्हणजे निफाड, चांदवड, येवला, सिन्नर, देवळा, सटाणा या बाजूस, बीजासाठी लावलेला कांदा फुलतो. कार्तिकाच्या सुमारास लावलेल्या निवडक कांद्यांना उंच दांडे येऊन टोकाला पांढरे गोल डोंगळे धरतात. लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याची सुरुवात या डोंगळ्यात होते. एन-५३ व एन-२-४-१ ही नाणावलेली वाणे आपल्याच जिल्ह्यातील स्थानिक कांद्यातून निवडून तयार झाली. कांद्याचे बी वर्षाहून अधिक काळ ठेविल्यास त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी लागते.

आता या फुलाची रचना पाहावी. कांद्याच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. परंतु पराग आधी पिकून झडतो, आणि स्त्रीकेसर त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पराग घेण्यास योग्य होतो. म्हणून फूल स्वतःचेच स्वतःला उपयोगी पडत नाही. शेजारच्या उशिरा उमललेल्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. पराग चिकट असल्याने वाऱ्याचा उपयोग फारसा होत नाही. हे काम माश्या करतात. एकरी दोन-तीन भरलेल्या पेट्या ठेवाव्यात, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र पेट्या डोंगळे उमलण्याआधीच आणून ठेवणे चुकीचे. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते व माश्यांना तो विशेष आवडत नाही. जवळपास दुसरी फुले असली, आणि माश्यांना तिकडची वाट आधी लागली, तर त्या कांद्याकडे वळत नाहीत. शेताचा सुमारे दहावा भाग उमलल्यावर पेट्या आणाव्यात, म्हणजे समोर दिसेल तेच फूल त्या धरतात.

वर्गातून करता येण्याजोगा एक सोपा प्रयोग सुचवितो. गावातील एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन, अद्याप न उमललेल्या पाच डोंगळ्यांवर मलमलीच्या सैल पिशव्या बांधाव्यात व तितक्याच डोंगळ्यांना नुसते दोरे बांधून ते उघडे ठेवावेत. बी काढणीच्या वेळी दोन्हींतील दाणे मुलांकडून वेगळे मोजवून घ्यावेत. माशीचा उपयोग काय, हे फळ्यावर लिहून सांगण्याची मग आवश्यकता राहात नाही. ज्याच्या शेतात हा प्रयोग होतो, तो शेतकरीही ते आकडे विसरत नाही.

याच दिवसांत माशीवर सर्वांत मोठे संकट येते, आणि ते मनुष्याने आणिलेले असते. कांद्यावर फुलकिडे पडतात. शेतकरी फवारणी करतो. फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत सकाळी नऊ-दहाला फवारा मारिला, तर फुलांवरच्या माश्या तेथेच मरतात, काही विष घेऊन पेटीत येतात, आणि संध्याकाळी पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. पिलाव्याला भरविण्यास कोणी न उरल्याने उरलेली वसाहतही पंधरा दिवसांत संपते. नुकसान पेटीवाल्याचे तर होतेच. परंतु त्याहून अधिक फवारणाऱ्याचे होते, कारण त्याचे बी धरणारी तीच माशी होती. द्राक्षाच्या फुलाला फळ धरण्यासाठी मधमाशीची विशेष गरज नसते. त्यामुळे द्राक्षबागाईतदाराला माशीचे महत्त्व वाटत नाही, आणि दिंडोरी-निफाडकडे बागेतील फवाऱ्याचे तुषार शेजारच्या डोंगळ्यांवर व बांधावरच्या फुलांवर जातात, ही अडचण खरी आहे.

यावर तोडगा असा. पीक फुलण्यापूर्वी आवश्यक ती फवारणी उरकून घ्यावी. फुलोऱ्यात शक्यतो टाळावी. टाळताच येत नसेल, तर सूर्यास्ताच्या सुमारास, माश्या घरी परतल्यावर करावी. भुकटीपेक्षा पाण्यातून फवारलेले औषध त्यातल्या त्यात बरे. पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे तो पेट्या हलवील, किंवा निदान दुसऱ्या दिवशी सकाळी दारे बंद ठेवून आत हवा व पाणी मिळण्याची व्यवस्था करील. हा निरोप कोणी द्यावयाचा? गावात असा निरोप पोहोचविणारी सर्वांत भरवशाची यंत्रणा शाळेतली मुले होत. “गुरुजींनी सांगितलंय, उद्या फवारा मारणार असाल तर आज कळवा” एवढे वाक्य घरोघर गेले, तरी पुष्कळ काम होते. डाळिंबाच्या बागांसही हेच लागू आहे. मालेगाव, सटाणा व कळवणकडे आंबे बहाराची फुले याच सुमारास येतात.

थवा फुटणे

माघ-फाल्गुनात पळस, काटेसावर, शेवगा, कोथिंबीर असा फुलोरा चहूकडे असतो. माश्या वाढतात व पेटी अपुरी पडू लागते. अशा वेळी वसाहत दुभंगते. जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते, आणि मागे नवी राणी निर्माण होते. हा थवा फुटणे म्हणजे पेटी सोडून जाणे नव्हे. ती माश्यांची वंशवृद्धी आहे. दोन्हींतील भेद शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. थवा फुटतो तो समृद्धीत, आणि तेव्हा मागे माश्या व पिलावा राहतो. घर सोडणे घडते ते उपासमारीत किंवा उपद्रवात, आणि तेव्हा मागे काहीच राहात नाही.

थवा फुटण्याची लक्षणे आधी दिसतात. नरांची घरे वाढतात. सातेरीच्या नरघरांची झाकणे टोकदार असून त्यांच्या मध्यभागी सुईने पाडावे तसे छिद्र असते. पुढे पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी, तोंड खाली असलेली राणीघरे लोंबू लागतात. हे दिसताच पेटीत जागा वाढवावी, वर मधकोठी चढवावी, आणि वसाहत खरोखर भरलेली असेल, तर तीन-चार चौकटी माश्यांसह दुसऱ्या पेटीत घालून आपणच ती विभागावी. एका पेटीच्या दोन होतात त्या अशा. परंतु दुबळी वसाहत विभागून दोन दुबळ्या करणे यात शहाणपण नाही. संख्येपेक्षा भरलेली पेटी महत्त्वाची.

चैत्र-वैशाख : मधाचा हंगाम आणि शाळेची सुटी

पश्चिमेच्या डोंगराळ भागात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मोह, करंज, जांभूळ व हिरडा एकामागून एक फुलतात. हाच तेथील मधाचा मुख्य हंगाम. चांगल्या जंगलाजवळ सातेरीची एक पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. याहून मोठे आकडे सांगणाऱ्यांवर एकदम विश्वास ठेवू नये. चौकटीतील तीनचतुर्थांश घरांवर मेणाचे झाकण आले, म्हणजे मध पिकला असे समजावे. झाकण नसलेला मध पातळ असतो, त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते, व तो आंबतो. मध फक्त वरच्या मधकोठीतील, आणि मधयंत्रात चौकट फिरवून काढावा. पोळे शाबूत राहिल्याने माश्यांची मेण घालण्याची मेहनत वाचते. आग लावून मोहोळ जाळावयाचे आणि अळ्यांसकट पोळे पिळावयाचे, या जुन्या रीतीत मधही नासतो आणि पुढच्या वर्षीचे मोहोळही जाते. ही रीत ज्या घरांतून चालते, त्या घरांतील मुले आपल्या वर्गात असतात. त्यांना हिणवून न बोलता मधयंत्र फिरवावयास द्यावे.

खालच्या, पिलाव्याच्या कोठीतील मधाला हात लावू नये. तो माश्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे. मे महिन्याच्या मध्यानंतर मधकोठीतूनही मध काढणे बंद करावे. या नियमाचा भंग हेच शाळेची पेटी रिकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. परीक्षा झाल्या, सुटी लागली, जाता जाता असेल तेवढा मध काढून घेतला, आणि माश्यांना रित्या घरात पावसाच्या तोंडी सोडिले, असे होते.

पूर्व भागात याच महिन्यांत स्थिती उलट असते. येवला, नांदगाव, मालेगावकडे शेते उघडी पडतात, फुले जवळजवळ नसतात, आणि उष्णता चाळीस अंशांवर जाते. उन्हात ठेविलेल्या पेटीतील मेण मऊ होऊन पोळी गळून पडतात. पेटी कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत ठेवावी, वरून ओले गोणपाट घालावे, आणि जवळ एका पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. खडे नसतील तर माश्या बुडतात. माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात व पंखांनी वारा घालून घर थंड राखतात. सुटीत हे पाणी दररोज कोण भरणार, त्याचे नाव शाळा सुटण्यापूर्वी ठरले पाहिजे. शाळेजवळ राहणारे कुटुंब, शालेय व्यवस्थापन समितीचा एखादा सदस्य, किंवा वरच्या वर्गातील दोन मुले व त्यांचे पालक यांच्याकडे हे काम सोपवावे, आणि त्या बदल्यात मधाचा ठरावीक वाटा द्यावा. राष्ट्रसंघाने २०१७ साली जागतिक मधमाशी दिनासाठी २० मे हा दिवस ठरविला. तो आपल्या सुटीतच येतो, ही मोठी गैरसोय आहे. तो कार्यक्रम खुरासणीच्या फुलोऱ्यात करण्यास हरकत नसावी.

आषाढ-श्रावण

आता खरा कसोटीचा काळ. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या दोन-अडीच महिन्यांत. माशी आठ-आठ दिवस बाहेर पडू शकत नाही. पडली, तरी फुलांतील मधुरस धुऊन गेलेला असतो. राणी अंडी घालणे कमी करिते. साठा संपला म्हणजे सातेरी उपाशी मरत बसत नाही. सर्व माश्या एके दिवशी उघडीप पाहून निघून जातात. भित्री म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या तिने असेच प्राण वाचविले आहेत म्हणून.

पेटी टिकवावयाची तर तिला खाऊ घातले पाहिजे. पाणी उकळून निवू द्यावे व त्यात समभाग साखर विरघळवून पाक करावा. दर आठ दिवसांनी एका वसाहतीस सुमारे दोनशे ग्रॅम साखरेचा पाक पुरतो. तो पसरट वाटीत, वर काड्या टाकून, पेटीच्या आत, आणि संध्याकाळीच ठेवावा. दिवसा ठेविल्यास किंवा बाहेर सांडल्यास मुंग्या व दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लूट करितात. गूळ कधीही घालू नये. त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातील मधही घालू नये, कारण त्यातून रोग येण्याचा संभव असतो. पाक हा मधाचा हंगाम नसतानाचा आधार आहे. मधकोठी भरण्यासाठी पाक घालून तो मध म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक होय.

दुसरा शत्रू मेणकिडा. त्याचा पतंग रात्री फटीतून शिरून अंडी घालतो व अळ्या पोळ्यातून बोगदे करीत जातात. भरलेल्या वसाहतीत माश्या त्यांना उचलून फेकतात. दुबळ्या वसाहतीत ते माश्यांना घालवितात. उपाय साधे आहेत, पण चुकता कामा नये. आठ दिवसांनी उघडीप पाहून तळपाट खरडून पुसावा, माश्यांनी न झाकलेली पोळी काढावीत, फटी मातीने लिंपाव्यात. पेटी किंचित पुढे कलती ठेवावी, म्हणजे आत गेलेले पाणी दारातून बाहेर येते. घोडीचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मका, ज्वारी व बाजरी यांच्या तुऱ्यांवर पराग मिळू लागतो. येथे मागील सहा आठवड्यांचा हिशेब पुन्हा आठवावा. आश्विनातल्या खुरासणीसाठी माश्या हव्यात, तर श्रावणात राणीने अंडी घातली पाहिजेत, आणि त्यासाठी पाक श्रावणात बंद करून चालत नाही.

अळ्या पिशवीसारख्या फुगून, डोके वर करून मेलेल्या आढळल्या, तर तो पिशवी-अळी रोग. १९९१ नंतर या विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यावर औषध नाही. रोगट पेटी दूर न्यावी, तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत आणि जाणत्यांचा सल्ला घ्यावा.

शाळेतील व्यवस्था

ज्या शाळेत या विषयाची आवड असलेला एकही शिक्षक नाही, तेथे पेटी नसलेली बरी. तेथे प्रथम एक वर्ष फुलांची नोंदवही ठेवावी. शाळेपासून सुमारे एक किलोमीटरच्या आत, म्हणजे सातेरी माशी सहसा जेथवर जाते तेवढ्या टापूत, कोणते झाड किंवा पीक कोणत्या तारखेस फुलू लागले, केव्हा संपले, आणि त्यावर माश्या दिसल्या काय, एवढ्या तीन नोंदी पुरेत. वर्षाअखेर उपासमारीचे महिने आपोआप दिसतात. त्या महिन्यांत फुलणारी झाडे शाळेच्या कुंपणाला लावता येतात, आणि मगच पेटी आणावी की नाही ते ठरविता येते. पेटीसाठी व प्रशिक्षणासाठी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. महाबळेश्वरचे मध संचालनालय त्याच मंडळाचे आहे.

शेवटी दंशाविषयी. पेटी मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या आत ठेवावी, व तिच्या दारासमोरून कोणी जाऊ नये. माशी चावल्यास काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा, जागा धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी. चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे, उलटी किंवा चक्कर, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. ज्या मुलास पूर्वी असा त्रास झाला आहे, त्याचे नाव पेटीच्या नोंदवहीत पहिल्या पानावर लिहावे. इमारतीला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागले असल्यास दगड मारणे, धूर करणे, फटाके उडविणे सक्त बंद ठेवावे. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करितात, आणि न छेडल्यास बहुधा स्वतःच निघून जातात. तोपर्यंत त्या बाजूची दारे-खिडक्या बंद ठेवून वर्ग दुसरीकडे बसवावा व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. माश्या उठल्याच, तर मुलांना मैदानात पांगू न देता खोलीत घेऊन दारे लावावीत, आणि हजेरीपट घेऊन मोजणी करावी.